आउटलुकची फाइल कॉम्पॅक्ट केली तरी पुन्हा फुगते: कारण कसं शोधायचं

पणजीत पाटोवरचं सीएचं ऑफिस असो की कळंगुटच्या हॉटेलचा फ्रंट डेस्क, तक्रार ठरलेली असते. २५६ जीबीचा सी ड्राइव्ह लाल झाला, आउटलुक उघडायला मिनिटं लागतात, त्याची मेल साठवणारी फाइल बघितली तर ३८ जीबी. हजारो मेल डिलीट केल्या, आकडा तसाच. मग कुणीतरी 'कॉम्पॅक्ट नाऊ' (फाइलच्या आतली रिकामी जागा काढून टाकणारं बटण) दाबलं आणि फाइल २२ जीबीवर आली. सीझन संपेपर्यंत ती परत ३८ वर पोचलेली असते.

कॉम्पॅक्ट हा शेवटचा टप्पा आहे. तो पहिला केला की चार दिवस बरं वाटतं आणि कारण तसंच राहतं. फाइल सगळीकडून सारखी कधीच वाढत नाही. एखाद-दुसरा फोल्डर तिला फुगवत असतो आणि तो हमखास डोळ्यांसमोर नसलेला असतो.

पुढचं सगळं क्लासिक, म्हणजे जुन्या डेस्कटॉप आउटलुकसाठी आहे. विंडोजवरचं 'नवीन आउटलुक' मेलची स्थानिक प्रत ठेवणारी ओएसटी फाइल वापरतच नाही, त्यामुळे त्यात यातलं बरंचसं सापडणार नाही.

फाइल कुठली आहे ते आधी बघा

फाइल > अकाउंट सेटिंग्ज > अकाउंट सेटिंग्ज > डेटा फाइल्स. यादीत प्रत्येक खात्यासमोर फाइलचं नाव दिसतं. 'ओपन फाइल लोकेशन' दाबलं की ती जिथे आहे तो फोल्डर उघडतो. नावाच्या शेवटी पीएसटी आहे की ओएसटी, यावर पुढचा सगळा हिशेब ठरतो.

पीएसटी म्हणजे मूळ माल. पीओपी खात्याच्या (सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या) मेल, 'आर्काइव्ह'मध्ये हलवलेल्या जुन्या मेल यात असतात, आणि त्यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते. ही फाइल गेली की मेल गेल्या. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची स्थानिक प्रत. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल सेवा) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्याची असेल तर ती पुन्हा बनवता येते. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यांनाही (मेल सर्व्हरवरच ठेवून कॉम्प्युटरशी जुळवत राहणाऱ्या) ओएसटीच मिळते, पण तिथे एक खाच आहे. ती पुढे येईल.

एक्स्चेंजच्या ओएसटीबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. सर्व्हर मेलबॉक्सचा जो आकार सांगतो त्यापेक्षा ओएसटी ५० ते ८० टक्क्यांनी मोठी असू शकते, कारण दोन्हीकडे डेटा साठवायची पद्धत वेगळी आहे. सर्व्हरवर १० जीबी आणि इथे १६ जीबी असेल तर तो बिघाड नाही. ४० जीबी असेल तर आहे.

मोजल्याशिवाय काही डिलीट करू नका

डावीकडच्या यादीत खात्याच्या नावावर राइट क्लिक, 'डेटा फाइल प्रॉपर्टीज', मग 'फोल्डर साइझ'. जी खिडकी उघडते तिच्यात दोन रकाने असतात आणि गोंधळ तिथेच होतो. 'साइझ' म्हणजे त्या एकट्या फोल्डरचा आकार, 'टोटल साइझ' म्हणजे पोटातल्या फोल्डरांसकट. आकडे केबीमध्ये असतात. इनबॉक्सपुढे साइझ ९,००,००० आणि टोटल साइझ १,८०,००,००० दिसलं, तर इनबॉक्स स्वतः जेमतेम ०.९ जीबीचा आहे आणि १७ जीबी त्याच्या खालच्या कुठल्यातरी उपफोल्डरात बसलेत. मग इनबॉक्समधल्या मेल पुसत बसण्यात अर्थ नाही. एक्स्चेंजच्या खात्याला याच खिडकीत 'लोकल डेटा' आणि 'सर्व्हर डेटा' असे दोन टॅब दिसतात. आपल्याला लोकल हवा.

आता सगळ्या फोल्डरांची बेरीज घ्या आणि डिस्कवरच्या फाइलच्या आकाराशी ताडून बघा. फाइल ३८ जीबी आणि बेरीज १५ जीबी असेल तर उरलेली २३ जीबी पोकळ जागा आहे, तिथे कॉम्पॅक्ट उपयोगी पडेल. बेरीजच ३६ जीबी असेल तर कॉम्पॅक्ट रात्रभर चालवूनही हाती काही लागणार नाही. ही एक ताडणी केली तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

आकडे एक्सेलमध्ये तारखेसह उतरवून ठेवा आणि महिन्याने परत काढा. जो फोल्डर वाढला तोच दोषी. शिवाय कंट्रोल आणि ६ दाबून 'फोल्डर लिस्ट' उघडा. एरवी लपलेले 'सिंक इश्यूज', त्याखालचे 'कॉन्फ्लिक्ट्स' आणि 'लोकल फेल्युअर्स' तिथे दिसतात. एखादी मेल किंवा कॅलेंडरची नोंद मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर एकाच वेळी बदलत राहिली की तिच्या प्रती 'कॉन्फ्लिक्ट्स'मध्ये साठत जातात. उघडून बघा, कामाचं काही नसेल तर रिकामे करा. आरएसएस फीड्सचा (वेबसाइटवरचं नवं लिखाण आपोआप उतरवणारा) फोल्डरही एकदा बघून घ्या, कुणीतरी कधीतरी फीड जोडून ठेवलेली असते.

जीमेल आयमॅपने जोडलं असेल तर

छोट्या ऑफिसांत आणि गेस्ट हाउसांत सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलवर इनबॉक्स आणि 'इम्पॉर्टंट' अशी दोन लेबलं असली तरी जीमेलकडे ती मेल एकच. आयमॅपमधून मात्र प्रत्येक लेबल स्वतंत्र फोल्डर म्हणून बाहेर पडतं आणि आउटलुक प्रत्येकाची वेगळी प्रत उतरवतं. वर 'ऑल मेल' नावाचा फोल्डर, ज्यात सगळं पुन्हा एकदा. म्हणजे ८ एमबीची एक मेल इनबॉक्स, इम्पॉर्टंट आणि ऑल मेल मिळून २४ एमबी खाते. जीमेल ९ जीबी दाखवतं आणि आउटलुकची फाइल २५ जीबीची, हे कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं.

उपाय आउटलुकमध्ये नाही, ब्राउझरमध्ये आहे. जीमेल उघडा, गिअरच्या खुणेवर क्लिक, 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'लेबल्स' टॅब. 'ऑल मेल', 'इम्पॉर्टंट', 'स्टार्ड' यांच्यापुढची 'शो इन आयमॅप'ची खूण काढा. आउटलुक बंद करून उघडलं आणि सेंड-रिसीव्ह झालं की ते फोल्डर निघून जातात. आता फाइलमध्ये पोकळ जागा तयार झाली, आता कॉम्पॅक्ट करा.

इथे एक चूक महागात पडते. 'ऑल मेल' मोठा दिसतो म्हणून आउटलुकमध्येच त्यातल्या मेल निवडून डिलीट करू नका. ते डिलीट सर्व्हरपर्यंत पोचतं आणि 'ऑल मेल'मधून गेलेली मेल सगळ्याच लेबलांतून जाऊ शकते. खूण काढली की प्रत फक्त कॉम्प्युटरवरून जाते, मेल जागेवर राहते.

त्याच खात्याचा 'सेंट' फोल्डरही तपासा. जीमेल त्याच्या सर्व्हरमधून गेलेली मेल स्वतःच 'सेंट'मध्ये ठेवतं. आउटलुकही ठेवत असेल तर पाठवलेलं प्रत्येक कोटेशन दोनदा साठतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये खातं निवडून 'चेंज' दाबा आणि तिथून किंवा 'मोअर सेटिंग्ज'मधून पाठवलेल्या मेलच्या प्रती न ठेवण्याचा पर्याय निवडा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि शेअर्ड मेलबॉक्स

रिझर्व्हेशन, अकाउंट्स, इन्फो असे तीन सामायिक मेलबॉक्स आणि पाच माणसं. आउटलुक २०१० पासून 'डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स' ही खूण मुळातच लावलेली असते. म्हणजे ज्याला ज्याला त्या मेलबॉक्सची परवानगी दिली, त्याच्या कॉम्प्युटरवर तो अख्खा मेलबॉक्स त्याच्या स्वतःच्या ओएसटीत उतरतो. नव्या माणसाला सकाळी परवानगी दिली आणि दुपारी त्याची डिस्क भरली, याचं कारण हेच. अकाउंट सेटिंग्ज > चेंज > मोअर सेटिंग्ज > ॲडव्हान्स्ड इथे ती खूण काढता येते. काढल्यावर शेअर्ड मेलबॉक्स इंटरनेट असतानाच उघडेल आणि थोडा सावकाश चालेल. फ्रंट डेस्कवर दिवसभर तोच मेलबॉक्स वापरायचा असेल तर तिथली खूण राहू द्या, बाकीच्यांची काढा.

त्याच 'चेंज'च्या पानावर 'मेल टू कीप ऑफलाइन'ची सरकपट्टी आहे. ती 'ऑल'वर असेल तर एक वर्षावर आणा. जुन्या मेल सर्व्हरवर राहतात आणि फोल्डरच्या तळाशी गेलं की तिथून मागवता येतात. पट्टी सरकवल्याने फाइल मात्र लगेच लहान होत नाही, आत पोकळी तयार होते.

एकच मेल दोनदा, तीनदा

पीओपी खात्यात 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण असते. कुठली मेल उतरवली आणि कुठली नाही, याची नोंद आउटलुक स्वतःकडे ठेवतं. नवीन प्रोफाइल बनवलं, खातं काढून पुन्हा जोडलं, की ती नोंद कोरी होते आणि सर्व्हरवरचं सगळं पुन्हा उतरतं, त्याच पीएसटीत. म्हणूनच कॉम्प्युटर फॉरमॅट करून जुनी पीएसटी जोडल्यावर फाइल एका रात्रीत दुप्पट होते. खातं परत जोडण्याआधी सर्व्हरवरच्या जुन्या मेल काढा, किंवा प्रत किती दिवस ठेवायची त्याला १४ दिवसांसारखी मर्यादा घाला.

नियमांमध्येही डोकवा. 'मूव्ह'ऐवजी 'मूव्ह अ कॉपी' निवडलेला एक नियम बुकिंगच्या प्रत्येक मेलची दुसरी प्रत बनवत राहतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

पासपोर्टचे फोटो, एक-चौदाचे स्कॅन आणि सहीखालचा लोगो

मेल खऱ्या आहेत, एकेकच आहेत, तरी फाइल वाढते, तेव्हा अटॅचमेंट बघायच्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून 'ॲडव्हान्स्ड फाइंड' उघडा, 'मोअर चॉइसेस'मध्ये आकार 'ग्रेटर दॅन' ५००० केबी घाला आणि शोधा. निकाल आकाराप्रमाणे लावले की चित्र स्पष्ट होतं. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत लार्जर, त्याला चिकटून कोलन आणि १० एम टाइप केलं तरी तेच काम होतं.

हॉटेलात बहुधा पासपोर्ट निघतात. परदेशी पाहुण्यांची माहिती पोर्टलवर भरायची असते, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, त्यासाठी पाहुणे आधीच मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात. एक फोटो ४ ते ६ एमबी, पासपोर्ट आणि व्हिसा मिळून दोन, कुटुंब चौघांचं. एका बुकिंगमागे ४० एमबी सहज. मग ती मेल मॅनेजरला फॉरवर्ड, तिथून ट्रॅव्हल डेस्कला. रिप्लायमध्ये अटॅचमेंट जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते, म्हणून प्रत्येक हाताला पूर्ण वजन. काम झालं की हे फोटो इनबॉक्समध्ये पडून राहायचं कारणच नाही. डिस्कचं सोडा, लोकांचे पासपोर्ट असे पडू देणंच बरं नव्हे.

वकील आणि जमिनीचे व्यवहार बघणाऱ्यांकडे स्कॅन निघतात. एक-चौदाचा (गोव्यातला जमिनीचा) उतारा किंवा जुनी पोर्तुगीज कागदपत्रं ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केली जातात, कारण स्कॅनर कुणीतरी तसा लावून ठेवलेला असतो. ६०० वरून ३०० वर आणलं की पिक्सेल एक चतुर्थांश होतात. साध्या छापील कागदाला ३०० आणि राखाडी पुरे. कोर्टात किंवा जुन्या हस्ताक्षराला जास्त हवं असेल तेव्हाच वाढवा.

आणि लोगो. सहीखाली छपाईसाठी बनवलेला ३०० केबीचा लोगो लावला की दिवसाला ६० मेल, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८,००० मेल आणि साडेपाच जीबीच्या आसपास नुसते लोगो. उत्तरांतून परत येणारे वेगळे. सहीच्या चौकटीत चित्राचे कोपरे ओढून ते लहान दिसतं, फाइल तेवढीच राहते. पेंटमध्ये उघडून २०० पिक्सेल रुंदीचं करा, सेव्ह करा आणि मग सहीत घाला. १५-२० केबीत काम होतं.

उत्तर-प्रत्युत्तरांच्या लांबलचक माळा कमी करायला होम टॅबवर 'क्लीन अप' आहे. पुढच्या मेलमध्ये पूर्ण सामावलेल्या जुन्या मेल ते काढतं. वादात पुरावा म्हणून लागू शकेल अशा पत्रव्यवहारावर मात्र चालवू नका. जीएसटीशी संबंधित बिलं आणि हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात, तेव्हा ती बिलं पुसण्याआधी फोल्डरात सेव्ह करा: मेल उघडून 'सेव्ह ऑल अटॅचमेंट्स', वर्ष आणि महिन्याच्या नावाने.

डिलीट केलं तरी आकडा का हलत नाही

मेल डिलीट केली की ती 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जाते, म्हणजे फाइलच्या आतच राहते. ते रिकामं केलं तरी आउटलुक ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदतं आणि पुढच्या मेल तिथे भरतं. डिस्कला ती परत मिळत नाही. आउटलुक नुसतं उघडं असताना मागे सावकाश आवराआवर करतं खरं, पण मोठ्या साफसफाईनंतर त्याच्या भरवशावर बसू नये.

आयमॅपमध्ये आणखी एक प्रकार. काही सेटिंगमध्ये डिलीट केलेली मेल नुसती 'डिलीट करायची' अशी खूण होऊन पडून राहते आणि व्ह्यू तिला लपवतो. दिसत नाही, पण जागा खाते. फोल्डर टॅबवर 'पर्ज' असेल तर 'पर्ज मार्क्ड आयटम्स' दाबा.

आता कॉम्पॅक्ट

डेटा फाइल्सच्या यादीत फाइल निवडा > सेटिंग्ज > कॉम्पॅक्ट नाऊ. एक्स्चेंजच्या खात्याला तिथून 'ॲडव्हान्स्ड' टॅब आणि 'आउटलुक डेटा फाइल सेटिंग्ज' असं एक पाऊल जास्त. पीएसटी असेल तर आधी आउटलुक बंद करून, टास्क मॅनेजरमध्येही ते चालू नाही हे बघून, फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. साध्या हार्ड डिस्कवर ३० जीबीच्या फाइलला तासन्‌तास लागतात आणि तोवर आउटलुक वापरता येत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी किंवा चवथीच्या सुट्टीत लावा. पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. यूपीएस नसेल तर लॅपटॉपवर नेऊन करा. मध्येच बंद पडलेली पीएसटी दुरुस्त करत बसणं हे फुगलेल्या पीएसटीपेक्षा वाईट काम.

एक्स्चेंजची ओएसटी असेल तर कॉम्पॅक्टची वाट बघण्यापेक्षा नवीन बनवणं सोपं. आउटलुक बंद करा, ओएसटीच्या नावापुढे 'जुनी' जोडा, आउटलुक उघडा. नवीन फाइल बनते आणि सरकपट्टीप्रमाणे मेल उतरतात. ड्राफ्ट किंवा आउटबॉक्समध्ये न गेलेलं काही राहिलं नाही ना, ते आधी बघा. दोन-चार दिवस सगळं नीट चाललं की जुनी फाइल उडवा, नाहीतर तीच डिस्क अडवून बसते.

आयमॅपची खाच ती हीच. आयमॅप फक्त मेल नेतं-आणतं. त्या खात्याखाली 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं कॅलेंडर किंवा कॉन्टॅक्ट्स असतील तर ते फक्त या ओएसटीत आहेत, सर्व्हरवर नाहीत. आधी इम्पोर्ट-एक्स्पोर्टमधून ते पीएसटीत काढून घ्या, मगच ओएसटीला हात लावा.

मर्यादा वाढवायची का

आउटलुक २०१० पासून फाइलची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे, २००३ आणि २००७ मध्ये ती २० होती आणि त्याआधीच्या जुन्या स्वरूपाला २ जीबी. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'मॅक्स लार्ज फाइल साइझ' ही किंमत ५१,२०० एमबीच्या वर नेता येते. करू नका. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ५ जीबीपर्यंत बहुतेक कॉम्प्युटर सुरळीत चालतात, १० च्या पुढे थांबत-थांबत चालायला लागतात आणि २५ च्या पुढे ते वारंवार होतं. ५० ची ८० केल्याने अडकणं पुढे ढकललं जातं, एवढंच. फाइल भरून नवीन मेल येणंच थांबलं असेल आणि माल हलवायला दोन दिवस हवे असतील, तेवढ्यापुरती वाढवली तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा वर्षाप्रमाणे वेगळ्या पीएसटी करा: २०२२, २०२३, २०२४. मोठी जुनी पीएसटी आतून बहुतांश पोकळ असेल तर कॉम्पॅक्टपेक्षा हवा तेवढा माल नव्या पीएसटीत हलवणं लवकर उरकतं.

या फाइली वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. विंडोज 'डॉक्युमेंट्स' फोल्डर वनड्राइव्हला जोडतं, आउटलुक पीएसटी त्याच्याच पोटातल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये बनवतं, आणि एक मेल आली तरी भलीमोठी फाइल बदलली म्हणून वनड्राइव्ह पुन्हा कामाला लागतं. नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवून तिथून उघडणंही मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, फाइल बिघडते. बाहेरच्या डिस्कवर प्रत ठेवा, उघडायची ती आपल्या डिस्कवरची. पेनड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असूनही ८ जीबीची पीएसटी कॉपी होत नसेल तर तो फॅट-३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी कुठलीही एक फाइल मावत नाही. आतलं सामान काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

फाइल बिघडल्याची शंका असेल तर 'स्कॅनपीएसटी' हे दुरुस्तीचं साधन ऑफिसच्याच फोल्डरात असतं. ते दुरुस्तीआधी मूळ फाइलची बॅकअप प्रत बनवतं, म्हणून फाइलएवढी जागा मोकळी लागते. चुका शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. पीएसटीच्या शेजारी बीएके नावाने संपणारी १५-२० जीबीची फाइल दिसली तर ती मागे कुणीतरी चालवलेल्या स्कॅनपीएसटीची राहिलेली प्रत. पीएसटी नीट उघडते आणि मेल पूर्ण आहेत हे बघून ती काढता येते.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हे मेल ॲप वापरणाऱ्यांना हेच सगळं थोड्या फरकाने. तिथे डिलीट केलेली मेलही फोल्डरच्या फाइलमध्ये तशीच राहते, फाइल मेनूतल्या 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स'ने निघते. कॉम्पॅक्ट मध्येच अडकलं तर प्रोफाइलच्या फोल्डरात 'एनएसटीएमपी' नावाच्या मोठमोठ्या फाइली मागे राहतात. थंडरबर्ड बंद करून त्या पुसल्या तरी चालतं.